पेट्रोलची वाफ आणि पिवळा दिवा

अमेरिकेतल्या एखाद्या सुताराचा किंवा प्लंबरचा वीस-पंचवीस वर्षांचा जुना पिकअप ट्रक डोळ्यांपुढे आणा. मागच्या उघड्या हौद्यात फळ्या, पाइप, शिडी. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होते, ओढ चांगली आहे, पेट्रोलही नेहमीइतकेच लागते. तरी डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेला असतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की त्यावर ‘पी ०४४२’ असा संकेतांक उमटतो. त्याचा अर्थ, इंधनाच्या वाफेच्या व्यवस्थेत लहान गळती. मालक टाकीचे झाकण बदलतो. दिवा विझतो आणि पंधरवड्याने पुन्हा लागतो. मग एक नळी बदलली जाते, मग एक व्हॉल्व्ह. खर्च वाढत जातो आणि दिवा तिथेच असतो. मालक वैतागून विचारतो, “गाडी तर उत्तम चालते, मग बिघडलंय तरी काय?”

प्रश्न रास्त आहे. गाडीच्या चालण्यात खरोखरच काही बिघडलेले नाही, आणि हा दिवा केवळ गाडी चालण्यासाठी बसवलेलाही नाही. तो हवेसाठी बसवलेला आहे. हा दिवा कोणी, केव्हा आणि कशासाठी लावायला लावला हे कळल्याशिवाय तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट समजत नाही. म्हणून या छोट्या दिव्याचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे. माझे म्हणणे एवढेच की जुन्या गाडीच्या दुरुस्तीत पान्याइतकाच हा इतिहासही उपयोगी पडतो.

लॉस एंजेलिसचे धुरके

गोष्ट सुरू होते ती १९४३ च्या जुलै महिन्यात. लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी इतके दाट धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, तीन चौकांपलीकडचे दिसेना. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे हा शत्रूचा विषारी वायूचा हल्ला असावा अशीही शंका लोकांना आली. नंतर संशय गेला तो शहरातल्या ब्युटाडाइनच्या कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन तयार होत असे. कारखाना काही काळ बंद केला, तरी धुरके यायचे थांबले नाही.

१९४७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून हवाप्रदूषण नियंत्रणासाठी जिल्हावार यंत्रणा उभी करण्याची सोय केली आणि लॉस एंजेलिस परगण्यात तशी यंत्रणा स्थापनही झाली. तिचे लक्ष प्रथम कारखान्यांच्या धुराड्यांकडे, तेलशुद्धीकरण प्रकल्पांकडे आणि घरामागच्या अंगणात कचरा जाळण्याच्या सवयीकडे गेले. डोळ्यांना दिसणारा धूर धरायचा, असा तो सरळ विचार होता.

याला कलाटणी दिली ती आरी हाहेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. ते पासाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. फळाच्या वासातले सूक्ष्म घटक पकडण्याची त्यांची पद्धत त्यांनी पासाडेनाच्या हवेलाच लावली. हवा थंड करून गोठवली, तेव्हा हाती आले ते उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे थोडे थेंब. त्यातून आणि पुढच्या प्रयोगांतून त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की धुरके हे कोणत्याही धुराड्यातून जसेच्या तसे बाहेर पडत नाही. ते हवेत तयार होते. पेट्रोलमधली हायड्रोकार्बने आणि इंजिनाच्या ज्वलनातून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन निर्माण होतो. लॉस एंजेलिसमध्ये ताणलेल्या रबराला लवकर चिरा पडत, त्यालाही हाच ओझोन कारण होता.

तेलकंपन्यांच्या संघटनेने संशोधनासाठी नेमलेल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने हा निष्कर्ष प्रथम मान्य केला नाही. वाद काही वर्षे चालला आणि अखेर हाहेन-स्मिट यांचेच म्हणणे टिकले. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

या शोधाचा आपल्या विषयाशी संबंध थेट आहे. दोष जर हायड्रोकार्बनांचा असेल, तर ती जळून बाहेर पडोत की न जळता, फरक पडत नाही. बंद गाडीच्या टाकीतून निघणारी, न दिसणारी पेट्रोलची वाफही तितकीच दोषी ठरली.

तीन वाटा

त्या काळच्या गाडीतून हायड्रोकार्बने तीन वाटांनी बाहेर पडत. ढोबळमानाने पाचपैकी तीन भाग सायलेन्सरमधून, एक भाग इंजिनाच्या क्रँककेसमधून आणि एक भाग टाकी व कार्ब्युरेटरमधून वाफ होऊन. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा पेट्रोल न जळताच हवेत जात होता, तोही बराचसा गाडी दारात उभी असताना.

सर्वांत सोपी वाट आधी बंद झाली. क्रँककेसमधली वाफ एका व्हॉल्व्हवाटे पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था कॅलिफोर्नियात १९६१ च्या आणि देशभर १९६३ च्या मॉडेलपासून आली. सायलेन्सरमधल्या उत्सर्जनावर कॅलिफोर्नियाने १९६६ पासून आणि केंद्र सरकारने १९६८ पासून मर्यादा घातली. टाकीच्या वाफेची पाळी शेवटी आली. कॅलिफोर्नियात १९७० आणि देशभर १९७१ च्या मॉडेलपासून.

टाकीची वाफ अडवायची कशी? दिवसा ऊन चढले की टाकीतले पेट्रोल तापते, वाफ होते आणि दाब वाढतो. रात्री गारव्याने दाब उतरतो. टाकी जणू श्वास घेते आणि सोडते. पूर्वी झाकणालाच बारीक छिद्र असे, त्यातून हा श्वास मोकळेपणी चाले. ती टाकी घट्ट बंद केली तर दाबाने फुगेल किंवा पोकळीने चेपेल. उपाय निघाला तो कोळशाचा. सक्रिय कोळशाच्या प्रत्येक कणात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला वाफेचे रेणू चिकटून राहतात. असा कोळसा भरलेला एक डबा, म्हणजे कॅनिस्टर, टाकीच्या वाफेच्या वाटेवर बसवला. गाडी उभी असताना वाफ कोळशात साठते. इंजिन सुरू झाल्यावर त्याची ओढ एका नळीतून डब्यापर्यंत पोहोचते, बाहेरची ताजी हवा कोळशातून खेचली जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. कोळसा पुन्हा मोकळा होतो.

युक्ती साधी आहे आणि आजही तीच आहे. पण या डब्याचे काम चालकाला कधी जाणवत नाही. कार्ब्युरेटर बिघडला की गाडी आचके देते. कॅनिस्टरची नळी फाटली की काहीच होत नाही, फक्त वाफ पूर्वीसारखी हवेत जाते. नादुरुस्त झाला तरी कोणी तक्रार करणार नाही असा हा गाडीतला भाग होता.

वजन वाढवून सुटका

१९७० च्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा नवा कायदा झाला. सायलेन्सरमधली हायड्रोकार्बने आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य त्यात होते. त्यातून १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले.

पिकअप ट्रकची कथा इथे वेगळी वळते. भरलेल्या वजनाची मर्यादा ६,००० पौंडांपेक्षा (सुमारे २,७२० किलो) जास्त असलेल्या वाहनाला हलक्या वाहनांचे नियम लागू होत नव्हते. फोर्डने १९७५ साली एफ-१०० पेक्षा थोडा दणकट असा एफ-१५० आणला. त्याची मर्यादा ६,००० पौंडांच्या जरा वर होती, त्यामुळे त्याला कन्व्हर्टर नको आणि साधे शिसेयुक्त पेट्रोल चाले. जनरल मोटर्सनेही याच मापाचे पिकअप काढले. ‘जड अर्धा टन’ असे या वर्गाला म्हणत. १९७९ मध्ये ही सीमारेषा ८,५०० पौंडांपर्यंत वाढवली गेली आणि ही पळवाट बंद झाली. तोवर एफ-१५० ने बाजारात पक्के बस्तान बसवले होते. त्या नावाची गाडी आजही विकली जाते, पण नावाचे मूळ उत्सर्जनाच्या नियमात आहे हे फार थोड्यांना आठवते.

म्हणून जुन्या पिकअपला हात लावण्याआधी तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या वजनाचा आणि कोणत्या राज्यासाठी बनवलेला हे पाहावे लागते. एकाच आकाराच्या दोन ट्रकांच्या बोनेटखाली वेगवेगळे सेन्सर आणि वेगवेगळ्या नळ्या असू शकतात. बोनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर ही माहिती आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा छापलेला असतो. चांगला मिस्त्री आधी ती पट्टी वाचतो.

एका सेन्सरची साक्ष

हायड्रोकार्बने, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकदम बंदोबस्त करणारा कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असतानाच. कार्ब्युरेटरला इतकी अचूकता झेपत नव्हती. म्हणून धुराची सतत तपासणी करून मिश्रण दुरुस्त करणारी व्यवस्था आली. बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्वोच्या मोटारींवर बसला.

हा सेन्सर म्हणजे झिर्कोनिअम डायऑक्साइडची छोटी टोपी. एक बाजू धुरात, दुसरी बाहेरच्या हवेशी जोडलेली. तापल्यावर दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकाप्रमाणे तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. पहिल्या वेळी संगणक समजतो की पेट्रोल जास्त झाले, दुसऱ्या वेळी समजतो की कमी पडले. चालू इंजिनात हा आकडा सतत वरखाली होत राहतो.

१९८१ पासून जनरल मोटर्सच्या मोटारींमध्ये संगणक सर्रास आला आणि त्याबरोबर ‘चेक इंजिन’चा दिवाही. त्यांच्या १९८७ नंतरच्या पिकअपमध्ये दोष वाचायला यंत्रसुद्धा लागत नसे. डॅशबोर्डखालच्या बारा खणांच्या जोडणीतले ए आणि बी हे दोन खण तारेच्या तुकड्याने, बहुधा कागदाला लावायच्या क्लिपनेच, जोडायचे आणि इंजिन सुरू न करता किल्ली फिरवायची. दिवा लुकलुकू लागतो. एकदा, मग थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२. हा संकेतांक तीनदा येतो आणि त्याचा अर्थ एवढाच की तपासणीची व्यवस्था ठीक आहे. त्यानंतर साठवलेले दोष येतात. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे सर्किट, १४ आणि १५ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, ४४ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, ४५ म्हणजे जास्त.

गैरसमजाची सुरुवातही इथेच झाली. ४४ किंवा ४५ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकण्याची रीत पडली. या दोन्ही वेळा सेन्सर बहुतेकदा आपले काम चोख करत असतो. त्याला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. एखादा स्पार्क प्लग ठिणगी देत नसेल तर त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळता बाहेर पडते, पण त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही पडतो. सेन्सर सांगतो, ऑक्सिजन आहे. संगणक समजतो, पेट्रोल कमी आहे, आणि आधीच वाया जाणाऱ्या पेट्रोलात आणखी भर घालतो. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या पाइपाला चीर असेल, तर बाहेरची हवा आत शिरून हाच गोंधळ करते.

उलट बाजूचे उदाहरण पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे. तापले की त्याचा विद्युतरोध घटतो. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि संगणकाच्या लेखी इंजिन उणे ४० अंशांवर गोठलेले असते. तार पूर्ण न तुटता जोड नुसता गंजला असेल, तर रोध थोडा वाढतो, १५ हा संकेतांक उमटतही नाही आणि तापलेले इंजिन संगणकाला गारच भासते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते म्हणून तो भरपूर देतो, ऑक्सिजन सेन्सर प्रामाणिकपणे ‘जास्त झाले’ असे सांगतो आणि दिवा ४५ दाखवतो. कॅनिस्टरचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि वाफ अखंड इंजिनात येत राहिली, तरीही ४५ येऊ शकतो. दोन्हींत पैसे मात्र ऑक्सिजन सेन्सरवर खर्च होतात. संकेतांक ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच तो सांगतो. बाकीचा तपास मल्टिमीटर, प्रेशर गेज आणि माणसाचे डोके यांनीच करायचा असतो.

एका मिलिमीटरचे भोक

प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी आणि संकेतांक वेगळे, अशी १९८० च्या दशकातली स्थिती होती. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी करण्याचा पहिला नियम लागू केला. १९८९ मध्ये दुसरा, अधिक कडक नियम मंजूर झाला. १९९० च्या केंद्रीय कायद्यातल्या दुरुस्तीने तो विचार देशभर नेला आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व मोटारी व हलके ट्रक एकाच पद्धतीत आले. सोळा खणांची एकच जोडणी आणि मुख्य दोषांना सगळीकडे तेच संकेतांक.

या टप्प्यावर तो मुका कोळशाचा डबा बोलू लागला. टाकीवर दाबाचा सेन्सर आला, कॅनिस्टरच्या हवेच्या वाटेवर दुसरा व्हॉल्व्ह आला. तपासणी अशी होते. बाहेरची हवा येण्याची वाट बंद करायची, इंजिनाकडची वाट उघडून टाकीत हलकी पोकळी निर्माण करायची, मग तीही वाट बंद करून पोकळी किती वेळ टिकते ते पाहायचे. लवकर उतरली तर कुठेतरी भोक आहे. सुरुवातीला सुमारे १ मिलिमीटरचे भोक ओळखणे आवश्यक होते. २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आणली गेली.

सुरुवातीच्या सुताराचे कोडे इथे सुटते. ही तपासणी रोज होत नाही. गाडी काही तास उभी राहून गार झालेली असावी लागते, टाकी फार रिकामी किंवा काठोकाठ भरलेली चालत नाही. शिवाय दोष सहसा लागोपाठ दोन तपासण्यांत दिसल्यावरच दिवा लागतो. म्हणून नवे झाकण लावून, संकेतांक पुसून दिवा विझला म्हणजे झाकणच दोषी होते असे ठरत नाही. कदाचित तपासणी अजून झालेलीच नसते.

जुन्या पिकअपमध्ये तपास कुठे करावा? प्रथम झाकणाचे रबर आणि ते जिथे टेकते ती कड. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत पेट्रोल भरण्याची लोखंडी नळी गंजून बारीक भोके पडतात. टाकीच्या वरच्या बाजूच्या नळ्या दिसत नाहीत, पण त्याच आधी चिरतात. इंजिनाकडचा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा. त्यातून फुंकर पार गेली तर तो सदोष. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर याच व्हॉल्व्हवर पहिला संशय घ्यावा. हवेकडचा व्हॉल्व्ह याच्या उलट, वीज नसताना उघडा असतो. ट्रकच्या खाली असल्याने त्यात धूळ आणि चिखल जातो. एवढ्याने सापडले नाही तर धुराचे यंत्र लावतात. अगदी कमी दाबाने पांढरा धूर व्यवस्थेत सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून पाहायचे.

एक सवय मात्र जगभर सारखीच. पंपावरची तोटी आपोआप बंद झाल्यावरही आणखी थोडे पेट्रोल दाबून भरणे. आपल्याकडे रुपयांचा आकडा पुरा करायला हे सर्रास चालते. टाकीच्या वरच्या भागात वाफेसाठी मोकळी जागा ठेवलेली असते. ती भरली की द्रव पेट्रोल कोळशापर्यंत पोहोचते. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि त्याचे कण सुटले तर नळीतून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

किल्ली कोणाच्या हाती?

या दिव्याची दुसरी बाजू पैशाची आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दिवा लागलेली गाडी प्रदूषण तपासणीत नापास होते आणि तिची नोंदणी अडते. नवी गाडी घेणाऱ्याला ती वॉरंटीत दुरुस्त करून मिळते. वीस वर्षांचा पिकअप ज्याच्या पोटापाण्याचे साधन आहे त्याचे मात्र एक मिलिमीटरच्या भोकापायी काम थांबते. संकेतांक पुसून पुढे जाता येत नाही, कारण पुसल्यावर तपासण्या अपुऱ्या आहेत हेही तपासनिसाला दिसते.

कायदा करणाऱ्यांना या ओझ्याची थोडी कल्पना होती. १९९० च्या दुरुस्तीत उत्सर्जनाशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले गेले. जो कायदा गाडीला बोलायला लावतो, त्यानेच तिची भाषा सर्वांना खुली करावी, हा त्यातला न्याय. तरी भांडण संपले नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काला मतदारांनी मोठा कौल दिला आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी तसा करार देशभर मान्य केला.

आपल्याकडे हाच प्रवास उशिरा पण वेगाने झाला. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चारबरोबर मोटारींना स्वतःची तपासणी करणे भाग पडले. २०१७ पासून दुचाकींच्या वाफेवर मर्यादा आली, म्हणून आता स्कूटरलाही कोळशाचा डबा असतो. एप्रिल २०२० च्या भारत स्टेज सहाने दुचाकींनाही पिवळा दिवा दिला. आपल्या पीयूसी केंद्रात मात्र अजून सायलेन्सरमधला धूरच तपासला जातो. टाकीच्या वाफेची जाणीव देणारे काही असेल, तर ते पंपावर येणारा वास एवढेच.

म्हणजे लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून निघालेला दिवा आता सांगली-सोलापूरच्या रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत आला आहे. कार्ब्युरेटर कानाने ऐकून लावणारा तिथला मिस्त्री अडाणी नाही. त्याला या नव्या साक्षीदाराची भाषा मात्र कोणी शिकवलेली नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनेही धरली. ही सुरुवात आहे. संकेतांकांचा अर्थ, तारांचे नकाशे आणि सेन्सरची योग्य मापे मराठीत त्या मिस्त्रीच्या हाती पडली, तर हवा स्वच्छ राहील आणि गिऱ्हाइकाचे पैसेही वाचतील. नाहीतर दिवा लागत राहील आणि त्याच्यापायी चांगले सेन्सर भंगारात जात राहतील.